रेघेवर दोन बोटं

दाजींनी बोट विकत घेतली हे मला पावाच्या दुकानात कळलं. घरात सांगायच्या आधी बाहेर सांगायचं, ही आमच्या दाजींची जुनी खोड.

"मग हेस्टर, 'पेट्रोनेला'चं इंजिन तूच बसवणार म्हणे," दुकानदारीण पाव कागदात गुंडाळत म्हणाली.

मी म्हटलं, "कुठली पेट्रोनेला?"

ती नुसती हसली. आमच्या बंदरात पेट्रोनेला एकच होती, आणि ती अडतीस वर्षं पाण्यात उतरली नव्हती.

पाव काखेत मारून मी तडक सारेलकाकांच्या आवारात गेले. बोट कुंपणाला टेकून उभी होती, इतकी वर्षं बघत आले तशीच. पंचवीस फुटांची, लाकडी, रुंद पोटाची. काका दर नाताळाला तिला रंग द्यायचे, पण समुद्रावर कधी नेत नसत. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला छंद आहे. त्या रंगाच्या थरांखाली काय असेल याची मला कल्पना होती. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून एका फळीत खुपसला. मुठीपर्यंत आत गेला.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कोराताईचे यजमान, ऑब्री. ते शिडीवर उभे राहून केबिनच्या खिडक्या पुसत होते. सगळ्यात आधी खिडक्या.

"दाजी, हिच्या फटींतून मांजर जाईल."

"मांजर कशाला पाठवतेस? कापूस भर. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, फटी मिटतात."

"आणि इंजिन? ते जुनं धूड गंजून एकजीव झालंय."

"नवं टाकू की. निम्म्या वजनाचं. मग बघ कशी पळते."

"आणि हे सगळं करणार कोण?"

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न विचारायचाच नव्हता.

नाही म्हणण्याची सोय नव्हती. दाजींची आधीची बोट वादळात फुटली होती, आणि मे महिन्याच्या अखेरीपर्यंत समुद्रात जाण्याजोगी बोट दाखवली नाही तर मासेमारीचा परवाना दुसऱ्या कुणाला गेला असता. परवाना गेला की कोराताईला पुन्हा मासळीच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला उभं राहावं लागलं असतं, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी. दाजी ते जाणून होते. मीही जाणून होते. म्हणून मी शिव्या घालत कामाला लागले.

आठ महिने. अकरा फळ्या बदलल्या. बरगड्या वाफेवर वाकवून बसवल्या. फटीफटीत कापसाचा पीळ ठोकला, वर लांबी भरली. जुनं इंजिन क्रेनने उचललं तेव्हा बोटीतून एक लांब, ओला आवाज आला, आजारी माणूस कुशीवर वळताना करतो तसा. लाकूड आहे, ताण सुटला की आवाज करतं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. मला त्या वेळी लक्ष द्यायला सारेलकाका पुरे होते.

काका चौऱ्यांशीचे. रोज सकाळी मासळीचा पालथा क्रेट घेऊन माझ्या समोर बसायचे, खारवलेला सुका बोकम मासा चघळत, आणि चुका काढायचे. हा खिळा तांब्याचा हवा. तो हातोडा जड पडतो. लांबी पातळ झाली, पोरी.

"काका, बोट विकलीत ना तुम्ही?"

"विकली."

"मग आता चुका काढायचं काम दाजींकडे द्या. त्यांना दुसरं काही नाही."

दहा मिनिटांत पुढची चूक निघायची. पण एक दिवस त्यांनी वेगळंच विचारलं. "नवं इंजिन किती किलोचं?"

"गिअरबॉक्स धरून चारशे ऐंशी. जुनं नऊशे होतं."

काकांनी बोकम खिशात ठेवला. बोटांवर काहीतरी हिशेब केला, पुन्हा केला. मग क्रेट तिथेच टाकून घरी गेले. दुपारभर कुणी चुका काढल्या नाहीत, म्हणून मला बरंच वाटलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोट पाण्यात उतरवली. आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावरच आहे. बोटीच्या तळाला तांबडा रंग असतो, आणि तो जिथे संपतो तिथे पाणी टेकायला हवं. इंजिन चारशे वीस किलोंनी हलकं झालं, म्हणजे बोट आधीपेक्षा वर तरंगणार. किती वर, ते मी तीनदा गणित करून काढलं होतं आणि रेघ त्याप्रमाणे खाली आखली होती. माझं गणित चुकत नाही. तीस वर्षं हेच करते आहे.

पेट्रोनेला पाण्यात बसली आणि पाणी माझ्या रेघेवर दोन बोटं चढून थांबलं. नेमकं तिथं, जिथं जुनं इंजिन असताना चढायचं.

पहिला संशय गळतीचा. खाली उतरले, तळाच्या फळ्या उचलल्या. आत काडी ओढली तर पेटेल इतकं कोरडं. दुसरा संशय इंजिनच्या वजनाचा. क्रेनवाल्याची पावती बघितली, बरोबर होती. तिसरा संशय दाजींचा. सगळे कप्पे उघडून बघितले, कुठे नांगर-बिंगर लपवून ठेवलेत का. नव्हते.

"दोन बोटांनी काय होतं?" दाजी म्हणाले. "लाकूड पाणी प्यायलं असेल."

"लाकूड पाणी पितं, दाजी, दोन मिनिटांत चारशे किलो पीत नाही."

"मग तुझी रेघ चुकली."

 तळात तोल सांभाळायला शिशाच्या विटा ठेवलेल्या असतात. त्यांतल्या सोळा काढून धक्क्यावर रचल्या. एकशे साठ किलो. माझ्या डोळ्यांदेखत बोट जवळजवळ एक बोट वर आली. मला हायसं वाटलं. निदान काहीतरी गणिताप्रमाणे होत होतं. मी वर्कशॉपमध्ये जाऊन चहा केला, निवांत प्यायले, परत आले. पाणी रेघेवर दोन बोटं.

विटा धक्क्यावर होत्या. सोळाच्या सोळा.

पुढचे चार दिवस मी त्या बोटीशी भांडत काढले. पाण्याची टाकी रिकामी केली. तेल काढलं. हत्यारांची पेटी काढली. प्रत्येक वेळी ती वर यायची, आणि मी पाठ वळवली की पुन्हा खाली. आणखी एक खोड लागली होती तिला. ती कलायची. सकाळी पूर्वेच्या बाजूला, दुपारनंतर पश्चिमेला. ऊन जिकडे असेल तिकडे. थंडीच्या दिवसांत बिनकामाची माणसं उन्हाची बाजू धरून बसतात ना, अगदी तसं. हे माझ्या मनात आलं तेव्हा मी स्वतःलाच मोठ्यानं म्हटलं, "हेस्टर, झोप घे जरा."

बोट तपासणारा सरकारी सर्वेक्षक सोमवारी येणार होता. रेघ पाण्याखाली दिसली तर तो पहिला प्रश्न विचारणार, हे वजन कुठून आलं? आणि मी काय सांगणार होते?

शुक्रवारी दुपारी मी धक्क्याच्या काठावर पाय सोडून बसले होते. सारेलकाका आले. क्रेट न आणता आले. माझ्या शेजारी कसेबसे टेकले.

"एकूण किती काढलंस?" त्यांनी विचारलं.

"इंजिनचे चारशे वीस. शिशाचे एकशे साठ. बाकी परत ठेवलं. काका, आज चुका काढू नका, मी ढकलून देईन पाण्यात."

ते हसले नाहीत. बोटीकडे बघत राहिले. बोट पश्चिमेला कललेली होती.

"चारशे वीस म्हणजे पाच माणसं," ते म्हणाले. "मेणकापडी कोट, बूट धरून... पाच."

 आमच्या बंदरात 'पाच' म्हटलं की एकच अर्थ. 'सुसाना' नावाची बोट शहाऐंशीच्या मे महिन्यात धुक्यात गेली ती आलीच नाही. पाच जण होते. पाचांतला एक माझा भाऊ, नोल्स. सव्वीस वर्षांचा. मी तेव्हा अठराची होते.

"आमच्या बोटीत त्या दिवशी मासा काठोकाठ होता," काका सांगू लागले, आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं. "कठडा पाण्याच्या वर चार बोटं. आम्ही तिघं. धुकं असं, की बोटीचं टोक, नाळ, दिसेना. 'तीन भाऊ' म्हणतात त्या खडकांपाशी हाका आल्या. 'सुसाना' फुटली होती. मी आवाज ओळखले, पोरी... एकूण एक."

"मग?"

"त्यांनी विचारलं, जागा आहे का."

खाली पाणी धक्क्याच्या खांबांना चाटत होतं. एक सील माशांच्या ढिगाकडे बघत भुंकला आणि बुडला.

"मासा फेकायचा होता ना, काका."

"हो." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "नंतर लोक म्हणतात, त्या क्षणी सुचलं नाही. मला सुचलं होतं... तिथंच सुचलं होतं. मी म्हटलं, जागा नाही. आणि इंजिनचा वेग वाढवला. बाकीचे दोघं तोंड न उघडता मेले. आता मीच राहिलोय."

मला आठवतं, माझ्या हातात थर्मास होता. त्यातला चहा मी समुद्रात ओतला, सगळा, सावकाश. त्यांच्याकडे बघितलं नाही. मी एक शब्द बोलले असते तर थांबले नसते. अडतीस वर्षं हा माणूस आमच्या दारावरून जात होता. नोल्सच्या नावाची प्रार्थना झाली तेव्हा पहिल्या बाकावर हाच बसला होता, आईच्या शेजारी.

"जड इंजिन होतं तोवर जागा नव्हती," ते म्हणाले. "तू जागा केलीस."

"विकली कशाला मग?" मी विचारलं. "जाळायची होती."

"ही माझ्या आवारात असताना मी मेलो असतो, तर मला वर कुठं जागा मिळाली असती?" त्यांनी माझ्या बाहीला हात लावला. मी हात काढून घेतला. "पोरी, बंदरात उभ्या बोटीत बसून कुणी घरी पोचत नाही. त्यांना तिथनं आणायचं राहिलंय. तीन भावांपर्यंत जायचं, आणि वळवायची. एवढंच. मला ने."

खरं सांगते, मी यातल्या कशावरही विश्वास ठेवला नाही. म्हाताऱ्याचं मन खातंय, आणि गणितात कुठेतरी माझीच चूक आहे, असंच मी धरलं. पण तपासणीआधी बोट एकदा समुद्रावर फिरवून आणायचीच होती. तीन भाऊ तासाभरावर. मी दाजींना एवढंच सांगितलं की काका बरोबर येणार आहेत.

"येऊ दे," दाजी म्हणाले. "म्हातारा खूश होईल."

कोराताईला काहीच सांगितलं नाही. तिनं तिघांपुरता मासा आणि निखाऱ्यावर भाजलेले पाव डब्यात दिले आणि दाजींना बजावलं, "हिचं ऐका. तुमचं डोकं चालवू नका." नोल्सचा जुना लोकरी गळपट्टा तिच्या गळ्यात होता. मी दुसरीकडे बघितलं.

शनिवारी सकाळी दहाला निघालो. ऊन लख्ख होतं, पाणी पाटासारखं. नवं इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं, आणि दाजी सुकाणूवर शीळ घालत होते. फक्त बोट जड चालत होती. वळताना उशिरा वळायची. भरलेली बोट वळते तशी.

"बघ कशी पळते," दाजी म्हणाले.

"गोगलगाय बरी."

काका केबिनच्या कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसले होते. एकदाही चूक काढली नाही.

अकराच्या सुमारास पश्चिमेकडून धुकं आलं. आमच्या किनाऱ्यावर ते असंच येतं, भिंत चालत आल्यासारखं. आधी गारवा, मग समुद्रगवताचा कुजका वास, मग एकदम सगळं पांढरं. दाजींची शीळ बंद झाली. मी जीपीएस यंत्रावर आमची जागा बघितली. तीन भाऊ दोनशे मीटरवर होते. खडकांवर लाटा फुटत होत्या, पण आवाज कुठून येतोय ते कळेना, सगळीकडून यायचा.

"इंजिन बंद कर," काका म्हणाले.

"इथं? डोकं ठिकाणावर आहे का?"

"दोन मिनिटं, पोरी. बंद कर."

मी बंद केलं. का केलं, मला आजही सांगता येत नाही. शांतता झाली. काका उठले, केबिनच्या दारात गेले आणि रिकाम्या डेककडे तोंड करून एकेक नाव घेऊ लागले. आरडून नाही, हजेरी घेताना घेतात तसं. चार नावं झाली. पाचव्याला थांबले, माझ्याकडे बघितलं.

"नोल्स," मी म्हणाले. माझ्या तोंडून गेलं.

"काय चाललंय हे?" दाजींनी विचारलं. 

"जागा आहे," काका धुक्याला म्हणाले. "घरी चला..."

काही झालं नाही. पाणी खडकांवर आपटत राहिलं. मी किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि मेलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरली होती. अशा गोष्टी नव्या जोडणीत होतात, पण त्यासाठी हीच जागा मिळाली! मी अशी काही शिवी घातली, की काकांनी क्रॉसची खूण केली.

"दाजी, खडक बघा!"

मी झाकण उचलून इंजिनच्या खड्ड्यात उतरले, डोकं खाली घालून. प्रवाह आम्हाला खडकांकडे नेत होता, ते बोटीच्या डुलण्यावरून कळत होतं. फिल्टरचा स्क्रू बारा नंबरच्या पान्याचा. एका हाताने टॉर्च धरला, दुसरा हात पाठीमागे वर केला.

"बारा नंबर द्या, दाजी. लवकर."

माझ्या डोक्यावर डेकच्या फळ्या करकरल्या. बरीच पावलं, जड बुटांची, वाट करून देताना माणसं सरकतात तशी बाजूला झाली. मग पाना माझ्या तळव्यात आला. गार, ओला, खारट वासाचा. पेटीतली हत्यारं मी सकाळीच पुसून ठेवली होती, हा विचार माझ्या मनात आला आणि गेला. स्क्रू सैल केला. फेस आला, बुडबुडे आले, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला.

"फिरवा किल्ली!"

कुणी फिरवली नाही. मी डोकं वर काढलं. काका केबिनच्या कोपऱ्यात बसले होते, डोळे मिटून, दोन्ही हातांत टोपी. दाजी पार पुढे नाळेवर आडवे पडून लांब बांबूने खडक ढकलत होते. हत्यारांची पेटी केबिनमध्ये, बंद.

"दाजी... पाना कुणी दिला?"

"कसला पाना?" ते ओरडले. "चालू कर ते मढं!"

इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. मी सुकाणू पूर्ण फिरवलं आणि पेट्रोनेला वळली. बंदराकडे. नोल्सनं जिवंतपणी मला कधी पाण्याचा पेला उचलून दिला नव्हता. म्हणून मी म्हणत नाही की तो होता. मी काहीच म्हणत नाही. परतीच्या तासाभरात कोराताईच्या डब्याला कुणी हात लावला नाही. मी एकदाही मागे डेककडे बघितलं नाही.

बंदरात धुकं तितकंच दाट होतं. पाणी तेलासारखं स्थिर. दाजींनी धक्क्यावर उडी मारून दोर बांधले, मी काकांना हाताला धरून वर घेतलं. त्यांचा हात मी तेव्हा धरला; म्हातारा माणूस, करणार काय. आम्ही तिघं धक्क्यावर, बोट रिकामी.

बोट धक्क्याच्या बाजूला कलली. दोर करकरला. मग ती सरळ झाली.

माणूस कठड्यावर पाय देऊन वर चढतो तेव्हा बोट कशी कलते आणि तो उतरला की कशी सरळ होते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मी रेघेकडे बघितलं. पाणी किंचित उतरलं होतं.

पुन्हा कलली. पुन्हा सरळ. पुन्हा. घाई नव्हती. थकलेली माणसं उतरतात तसं, एकामागून एक. काका ओठांत मोजत होते. मीही मोजत होते.

"पाच," काका म्हणाले आणि खाली बसले, धक्क्यावरच. त्यांचे खांदे हलत होते.

पाणी माझ्या तांबड्या रेघेला टेकलं होतं. पण रेघ विटा धरून आखलेली, आणि त्या सोळा विटा अजून धक्क्यावरच होत्या.

बोट कलली. सरळ झाली. सहा. आणि थोड्या वेळानं, सात.

पाणी रेघेखाली जवळजवळ एक बोट उतरलं. गणित बरोबर होतं. शिशाच्या विटांचे एकशे साठ किलो, म्हणजे दोन माणसं.

"काका," मी वाकून विचारलं, "सुसानावर किती जण होते?"

"पाच. पाचच होते, पोरी."

"मग हे दोघं कोण?"

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं आणि मग धुक्यातल्या रस्त्याकडे, जिथे गावातले दिवे दुपारीच लागले होते.

"लाट होती," दाजी म्हणाले. "आतलं पाणी सुटलं असेल. मी म्हटलं नव्हतं, लाकूड पाणी प्यायलंय म्हणून?" पण बांधलेला दोर त्यांनी सोडून पुन्हा बांधला.

त्या रात्री मी दाराला कडी घातली नाही. चुलीवर कॉफी ठेवली, खुर्ची ओढून ठेवली, आणि स्वतःला मूर्ख म्हणत पहाटेपर्यंत बसले. कोणी आलं नाही. नोल्स तसाच होता, समुद्रावरून आला की आधी सगळ्या गावात हिंडायचा आणि घरी शेवटी. मला त्याचा राग आला. अडतीस वर्षांनीही आला. सकाळी कोराताईचा फोन आला, की तिचा गळपट्टा रात्री खुंटीवर ठेवला होता तो सापडत नाही, मी नेला का. मी म्हटलं, हो, मीच नेला.

रविवारी मी सोळा विटा पुन्हा तळात रचल्या, कारण त्यांच्याशिवाय बोट डुगडुगते, आणि पाणी माझ्या तांबड्या रेघेला नेमकं टेकलं. सोमवारी सर्वेक्षक आला, सगळीकडे वाकून बघितलं, रेघेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, असं नेमकं काम हल्ली बघायला मिळत नाही." सही झाली. परवाना राहिला. कोराताईनं कारखान्याचा एप्रन जाळून टाकला.

आता दाजी रोज जातात. स्नूक मासा बरा लागतोय यंदा. ऊन असेल त्या दिवशी काही होत नाही. बोट येते, मासा उतरतो, संपलं. पण धुक्याच्या दिवशी मी वर्कशॉपमधलं काम टाकून धक्क्यावर जाते. सारेलकाका आधीच येऊन उभे असतात, टोपी हातात घेऊन. दाजी दोर बांधतात, आणि मासा उतरवायच्या आधी, बोटीवरचे दोघं गडी वर येऊन उभे राहिल्यावर, बोट कलते आणि सरळ होते. कधी एकदा, कधी तीनदा.  दाजी 'लाट' म्हणायचेही बंद झालेत. ते टोपी काढतात आणि थांबतात. आमचे पाच कधीच उतरले. हे कुठले, कुठल्या बोटींचे, किती जुने, आणि आमच्या बंदरात उतरून कुणाकडे जातात, मला माहीत नाही. मी नजरेनं वजन ओळखते, तेवढंच मला येतं. ऐंशी किलो. पंचाहत्तर. एकदा एक फार जाडजूड होता.

परवा गुरुवारी धुकं होतं. दोन जण उतरले. आम्ही आणखी थोडं थांबलो, मग दाजींनी टोपी घातली आणि मासा उतरवायला पुढे झाले. मी त्यांचा दंड धरला, कारण दोर पुन्हा हलला होता.

बोट कलली, अगदी जेमतेम. जणू कुणी कठड्यावर चढायचा प्रयत्न करत होतं आणि उंची पुरत नव्हती. थांबली. पुन्हा कलली. मग दुसऱ्या कुणीतरी वरून उचलून घ्यावं तशी एकदम सरळ झाली.

बारा किलो. फार तर तेरा.

आमच्या बंदरातून एवढ्या वजनाचं कुणी कधी समुद्रावर गेलेलं नाही.